तिसऱ्या हौदातलं मढं

करवत म्हणायचे तिला सगळे. पाठीमागे हं, तोंडावर म्हणायची छाती कुणाची! खेकडे पाळायच्या शेडमध्ये बावीस वर्षं तिचं राज्य. मी शेजारच्या बर्फाच्या गोदामात, म्हणजे भांडणाला पहिल्या रांगेतली जागा.

मालकाचा जावई नवा साहेब झाला. पहिल्याच सकाळी त्याने तिसऱ्या हौदातून एक खेकडा उचलला. डोळे, पाय, नांग्या, सगळं जागच्या जागी; हालचाल शून्य.

"मेलाय हा! काय करत होता तुम्ही?"

"जावईबापू, वजन तरी बघा. नुसतं कवच आहे ते. आतला मागच्या फटीतून निघून गेलाय."

"खेकडा अंगाबाहेर निघतो? मला शिकवू नका. अजून एक मेला तर तुमची नोकरी गेली."

आता खेकड्याला आपल्यासारखी आत हाडं कुठली? टणक ते सगळं बाहेर. स्नायू त्यालाच आतून चिकटलेले. त्याच्याच आधारावर नांगी आवळते. पण कवच मेलं वाढत नाही. मोठं व्हायचं तर ते टाकावं लागतं, आणि नवं सुरुवातीला ओल्या कागदासारखं. तेव्हा कुणीही यावं, लचका तोडून जावं. म्हणून करवतीने हौदात लपायला पाइपाचे तुकडे ठेवलेले.

ती डबा खायला गेली आणि या शहाण्याने ते तुकडे कचरा म्हणून उपसून टाकले.

परतली तेव्हा मऊ खेकडा उघड्यावर, आणि भाऊबंद त्याच्यावर तुटून पडलेले. अर्धाच उरला होता.

"बघा! म्हणालो नव्हतो मेलाय?"

करवत ओरडली नाही. मला भीती वाटली ती त्याचीच. तिने साहेबाच्या एका हातावर रिकामं कवच ठेवलं, दुसऱ्यावर तो लिबलिबीत अर्धा जीव.

"हे त्याचे कपडे. आणि हा तुम्ही मारलेला. मला खुशाल काढा. पण अजून चौघांच्या पाठी उकलायला लागल्यात. तुकडे परत ठेवा. तुम्ही. स्वतः."

पॅन्ट गुडघ्यापर्यंत दुमडून साहेब हौदात उतरले. एका टणक कवचाच्या खेकड्याने त्यांच्या पायाचा अंगठा धरला. सोडवायची करवतीला मुळीच घाई नव्हती.

नोकरी राहिली. कवच मात्र साहेबाच्या खुर्चीसमोर खिळ्याला लटकलं, ते अजून तिथेच आहे.

"अगं, वर्ष झालं. सोड की राग," मी परवा म्हटलं.

"सोडते ना. आधी त्याची कातडी सोलून त्याला हौदात बसव."