पायाशी कुत्रा असलेला सरदार

युनिव्हर्सिटीच्या दुसऱ्या वर्षानंतरच्या उन्हाळ्यात मी नॉटिंगहॅमजवळच्या एका खेड्यात, चर्च पाहायला येणाऱ्यांना माहिती सांगायचं काम करत होते. तिथं एका सरदाराची कबर होती. वर त्याचा दगडी पुतळा, हात जोडलेले, पायाशी कुत्रा. जुन्या पत्रकात लिहिलं होतं, ‘फ्रान्समध्ये शौर्य गाजवलेला वीर.’

माझं डोकंच फिरलं. हा चौदाव्या शतकातला. तेव्हाच्या इंग्लंड-फ्रान्स युद्धात तह झाला की इंग्रज सैनिकांचा पगार थांबे. मग त्यांच्या भाडोत्री टोळ्या फ्रान्समधली खेडी लुटत. शेतकरी चर्चलाच तटबंदी करून आत राहत, मनोऱ्यावर पहारा ठेवत. घंटा वाजली की टोळी आली, म्हणून एरवी प्रार्थनेलासुद्धा ती वाजवायची चोरी.

चर्चची व्यवस्था पाहणाऱ्या बाईंनी नवं पत्रक लिहायला सांगितलं, ते मी एका बैठकीत लिहून काढलं. बाबांनी पुण्याहून इंग्लंडला येताना कपड्यांपेक्षा डाव्या चळवळीची पत्रकंच जास्त आणली होती. मी वाचायला शिकले ती त्या पत्रकांवरच. ‘या माणसानं गावंच्या गावं जाळली,’ असं मी ठणकावून लिहिलं.

बाई चष्मा लावून वाचू लागल्या. अभिलेखागारातल्या नोकरीसाठी मला त्यांचं शिफारसपत्र हवं होतं आणि अर्जाची मुदत शुक्रवारी संपत होती. त्या चिडल्या तर काय बोलायचं, हे मी घोकून ठेवलं होतं.

“कोणतं गाव?” त्यांनी विचारलं.

“म्हणजे?”

“त्यानं जाळलेलं. एकाचं नाव सांग. हा टोळीत होता, हे कुठं वाचलंस?”

टोळ्यांबद्दल मी चार पुस्तकं वाचली होती. त्याच्याबद्दल एक ओळही नाही. एखादं फ्रेंच नाव ठोकून दिलं असतं, तर त्या तपासायला गेल्या नसत्या.

“कुठंच नाही,” मी म्हणाले. “पण तो वीर होता, हे तरी कुठं लिहिलंय?”

“नाहीच. म्हणून तर तुला नवं लिहायला सांगितलं, पोरी.” त्यांनी कागद परत दिला. “शोधून आण. पत्र मग देते.”

“शुक्रवारपर्यंत कसं होईल?”

“नाही होणार.”

बस स्टॉपवरून बाबांना फोन लावला. सगळं ऐकून ते उसळले, “अगं, जाळलीच असणार त्यानं! कच खाल्लीस तू!”

“असणार म्हणजे काय, बाबा?” मी ओरडले. रांगेतले सगळे माझ्याकडे वळून बघायला लागले.