श्रावण वद्य पंचमी, पण कोणाकडची?

“घरी पाठवा. अजून तीन आठवडे आहेत,” सर म्हणाले आणि हात धुवायला गेले.

टेबलावर सुमन होती. पहिलटकरीण. सासर बऱ्हाणपूरकडचं, बाळंतपणाला फैजपूरजवळच्या माहेरी आलेली. आमच्याकडे पहिल्यांदाच दाखवायला आली होती. सोबत तिची आई, अक्का. मे महिन्यातली भर दुपार, आणि अक्का एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होत्या, “डाक्टरीनबाई, लेकरू कालपासून हालत नही.”

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. मी सरांच्या प्रसूतिगृहात असिस्टंट होते. सोनोग्राफी मशीन आमच्याकडे नव्हतं. बाळ किती महिन्यांचं, हे शेवटच्या पाळीच्या तारखेवरून मोजायचं. बायका तारीख सांगत नसत, तिथी सांगत. म्हणून आमच्या भिंतीवर नव्या कॅलेंडरखाली गेल्या वर्षीचंही टांगलेलं असे. तिथी विचारायची, पान उलटायचं, तारीख काढायची. अक्कांनी श्रावण वद्य पंचमी सांगितली. मी पान उलटलं, बाळंतपण जूनमध्ये निघालं. सरळ काम.

तरी मन खात होतं. हाताला पोट आवळल्यासारखं लागत होतं, बाळाभोवतीचं पाणी कमी झालं की लागतं तसं. नळी लावून ठोके ऐकले. होते, पण संथ.

“सर, दाखल करून घेऊ या.”

“कशासाठी? उन्हानं आई दमली की बाळही पडून राहतं. डॉक्टर, तुम्ही पुण्याच्या. आमच्याकडे घड भरल्याशिवाय कोणी केळी कापत नाही.”

मला संताप आला. पुण्याचं नाव काढलं की तेव्हा माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. पण तीन आठवडे खरोखरच बाकी असतील, तर थांबणं बरोबर होतं. दिवस भरून गेले असतील, तर मात्र थांबणं घातक. दिवस उलटले की वार थकते, म्हणजे आईकडून बाळाला मिळणारं पोषण आणि प्राणवायू कमी पडू लागतो. बाहेर बैलगाडी जुंपून उभी होती. एकदा ती गावी गेली की परत येईपर्यंत काय होईल, याची मला भीती वाटत होती.

मी सुमनपाशी गेले. “ही पंचमी तुझ्या लक्षात आहे, की कोणी सांगितली?”

“सासूबाईनं ध्यानात ठेवली. त्या सावन बदी पंचमी म्हनत.”

“मंग मीच तुमाले श्रावण वद्य सांगलं,” अक्का म्हणाल्या. “एकच ना ते?”

मलाही एकच वाटलं. तरी एखाद्या सणाची खूण मिळावी म्हणून विचारलं, “राखीच्या आधी की नंतर?”

“आधी,” सुमन म्हणाली. “राखीले तं मी अठी आलथी. पोया करूनच गेली.”

मी कॅलेंडरकडे पाहिलं. राखी श्रावण पौर्णिमेची. पोळा तिच्यानंतरच्या अमावास्येचा, आणि वद्य पंचमी या दोन्हींच्या मधे येते. आधी येणारच कशी?

“अक्का, राखीनंतर इथे असताना ही पाळी येऊन बाजूला बसली होती?”

“नही बा! माह्या घरात बसली असती तं मले कयलं नसतं?”

तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. आपला महिना अमावास्येला संपतो. सुमनच्या सासरी, मध्य प्रदेशात, तो पौर्णिमेला संपतो. त्यामुळे शुद्ध पक्ष दोन्हीकडे एकाच नावाचा, पण वद्य पक्षाच्या नावात महिन्याचा फरक. त्यांचा श्रावण वद्य म्हणजे आपला आषाढ वद्य. अक्कांनी शब्द मराठीत आणला होता, महिना मात्र पलीकडेच राहिला होता. बाळाचे दिवस भरून वर आठवडा उलटला होता.

मी धावत सरांकडे गेले. एका दमात सांगितलं. सर उठले, सुमनपाशी गेले आणि स्वतः विचारलं, “बेटा, राखीच्या आधी?”

“हो ना. किती डाव सांगू?”

सरांनी तिथेच पाणमोट फोडली. पाणी थोडंच आलं, आणि हिरवं. म्हणजे बाळानं पोटातच शी केली होती, त्याचा जीव घुसमटत होता.

“भुसावळला फोन करा. भूल देणाऱ्या डॉक्टरांना म्हणावं, असाल तसे निघा.”

ते येईपर्यंत मी नळी कानाला लावून बसले होते. ठोके मंदावत, पुन्हा सावरत. अक्का दाराशी उभ्या होत्या.

सीझर सरांनी केलं. मुलगी झाली. निळसर, गप्प. तोंडातला चिकटा ओढून काढला, पाठ चोळली, श्वास दिला. मग ती रडली, आणि तिच्यामागोमाग मीही. कातडी सुटलेली होती, नखं लांब वाढलेली. उशीर झाल्याची खूण ती अंगावर घेऊनच आली होती.

दुसऱ्या दिवशी सासूबाई आल्या त्या तणतणतच. “मैंने तो सावन बदी बताया था! पिछले हफ्ते ही होना था!”

पुढच्याच आठवड्यात सरांनी बऱ्हाणपूरहून एक कॅलेंडर मागवलं आणि आमच्या कॅलेंडरशेजारी स्वतः खिळा ठोकून लावलं. मला म्हणाले, “डॉक्टर, यापुढे आधी गाव विचारायचं, मग तिथी.”

मी गाव विचारतेच, राखीचंही विचारते. कारण त्या दिवशी सासूबाई खरं बोलल्या होत्या, अक्का खरं बोलल्या होत्या, आमचं कॅलेंडरही खरं होतं. आणि तरी ती पोर गेली असती.