कडीपाशी उभा माणूस

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. पुढे मी फजिती सांगताना मध्येच हसलात, तर माझा चहा गार होईल.

मला वाटलं होतं, रहस्यकादंबरी आहे, पहिल्याच पानावर मुडदा पडेल. पडलं काय? काहीच नाही! एक गृहस्थ बंद खोलीच्या कडीकडे बघत उभे. दुसऱ्या पानावरही उभे. तिसऱ्यावर त्यांना घाम आला, एवढीच काय ती घडामोड.

पुण्याहून शिकून मी चुडाव्याला मामांकडे परत येत होते. निघताना मैत्रिणीने ही कादंबरी हातात दिली. "मनाचा थरार आहे गं, झोप उडेल!" मनमाडला गाडीत बसल्या बसल्या उघडली. औरंगाबाद गेलं, जालना गेलं, गृहस्थ कडीपाशीच. कडी काढावी का? काढू नये का? परभणी कधी गेली ते मला माहीत नाही. झोप उडायची कसली, चांगली गाढ लागली! पूर्णेला शेजारच्या बाईने हलवून उठवलं. तिसऱ्या प्रकरणापुढे मी काही गेले नाही.

पण गावात वाचनालय काढायचं, हे मी पुण्यातच पक्कं केलं होतं. आमच्या मुलखात मराठी शाळेचीच मारामार, मग पुस्तकं कुठली? पेटीभर आणली होती, पण सगळी जडजड विचारांची. लोकांना ओढून आणील असं म्हणायला ही एकच. म्हणून गावभर सांगत सुटले, "अशी कादंबरी झाली नाही!"

राज्य निजामाचं. वाचनालयाला इजाजत हवी. ठाण्याचे अमीनसाहेब, म्हणजे फौजदार, घोड्यावरून पेटी तपासायला आले. औरंगाबादेकडचे होते, मराठी वाचत, पण ओळीवर बोट ठेवून.

"ही सगळी तुमी वाचली, बाई?"

"अक्षर न् अक्षर!"

"मग यात जबरदस्त कोणती?"

मी मोठ्या तोऱ्यात कादंबरी पुढे केली. तिच्या पुठ्ठ्यावर एक भला मोठा डोळा काढलेला. साहेबांनी डोळ्याकडे पाहिलं, डोळ्याने साहेबांकडे पाहिलं, आणि किताब चौकशीला गेली!

दिवसामागून दिवस गेले, किताब येईना. माझी खात्री झाली, आता अटक. खरं सांगू? जरा आनंदच झाला, देशासाठी तुरुंगात जाणार म्हणून! अटकेच्या वेळी ठोकायचं स्वातंत्र्यावरचं भाषण पाठ केलं आणि गाठोडं बांधायला घेतलं.

मामा दारात येऊन उभे राहिले. "काय करायलीस, सुमे?"

"तुरुंगाची तयारी."

"आन् उशी कशाला? तुरुंग हाय, माहेर न्हाई!"

शेवटी चावडीवर बोलावणं आलं. मागे निम्मं गाव. मी पाठ केलेलं भाषण ओठांवर घेऊन उभी राहिले. साहेबांनी पुस्तक समोर ठेवलं.

"बाई, ह्या किताबीत काहीच होत न्हाई."

"अं?"

"मानूस उभा राहतो, इचार करतो. पुन्ना उभा राहतो. येवढा कागद, येवढी शाई, आन् होत काहीच न्हाई? मग छापली कशाला? जरूर ह्यात काही छुपं हाय!"

ज्या रटाळपणाला मी स्वतः कंटाळले, त्याच्यातच कट दिसायला लागला होता!

"साहेब, तो मनाचा खेळ आहे. तो माणूस भितो."

"कुनाला?"

"स्वतःलाच."

"सोताला कोन भितं वो?" मागून शेजारच्या गयाकाकू म्हणाल्या. "मी तर माझ्या सुनेला भिते."

चावडी हसली. साहेब हसले नाहीत. "दाराच्या मागं काय हाय, ते सांगा. तुमी तर अक्षर न् अक्षर वाचलंय."

गप्प बसायचं की नाही? पण पाठ केलेलं भाषण आत धडका देत होतं. मी मूठ वळली आणि ओरडले, "दारामागे स्वातंत्र्य आहे!"

मामांनी कपाळाला हात लावला. निर्दोष कादंबरीला राजद्रोही केलं कोणी? मीच! वाचनालयही गेलं, मीही जाणार.

साहेबांनी शांतपणे शेवटचं पान काढलं, ओळीवर बोट ठेवलं.

"न्हाई, बाई. दारामागं मोडकी बाज हाय."

"...बाज?"

"बाज. आन् तिच्यावर धूळ. मी शेवटपर्यंत वाचलंय. लय हाल झाले." त्यांनी पुस्तक माझ्याकडे सरकवलं. "इजाजत दिली. असली किताब वाचून गाव झोपंल, दंगा कुठला करतंय? पर लोकायला सांगायच्या आधी तुमी सोता वाचा."

घरी येताना मामा एकच वाक्य बोलले, "ती उशी काढून ठेव."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी निश्चयाने चौथं प्रकरण उघडलं. गृहस्थ कडीपाशीच. मी पुस्तक मिटलं आणि ठरवलं: वाचनालयाचे पहिले सभासद अमीनसाहेबच. पुस्तक वाचलेला एक तरी माणूस वाचनालयात नको का?