मॉर्फिनची बाटली आणि सुनंदाच्या पेशी

नांदेडच्या आमच्या लॅबमध्ये आम्ही काचेच्या बाटल्यांत मूत्रपिंडाच्या पेशी वाढवायचो. त्या कधी वाढायच्या, कधी रुसून बसायच्या. किस्से मात्र लई जोमात वाढले! आजही आम्ही जुने दोस्त भेटलो की चहा गार होतो, किस्से संपत न्हाईत.

*

सुनंदा आमच्यात सगळ्यांत चिवट. मॉर्फिन दिल्यावर किडनीच्या पेशी कशा वागतात, हा तिचा पीएचडीचा विषय. तिच्या वडलांनी, अण्णांनी, चाकूरकडं गावभर सांगितलं, "आमची पोर किडनीवर काम करती!" झालं! दिवाळीला घरी गेली तर ओसरीवर मुतखडेवाल्यांची रांग, हातात सोनोग्राफीचे रिपोर्ट.

"काका, मी उंदराच्या किडनीवर काम करते हो!"

"असू दे की ताई, बघ तर खरं!"

*

मॉर्फिनसाठी परवानगी, डबल कुलूप, तपासणी, सगळा खटाटोप. एक्साइजचे साहेब आले आणि इवलीशी बाटली बघून हिरमुसलेच. "एवढ्यासाठी जीप घेऊन आलो व्हय?"

जाताना हळूच विचारतात, "या पेशींना नशा चढते का हो?"

आमचे गाईड कदम सर गंभीरपणे म्हणाले, "चढत असंल साहेब, पण दंगा करत न्हाईत."

*

लातूरकडच्या त्या भूकंपानंतर नुसता ट्रक गेला तरी आम्ही मैदानात! एकदा खरंच हादरा बसला. सुनंदा पेशींच्या बाटल्या ओढणीत गुंडाळून पळाली. कदम सर अनवाणी, चष्मा टेबलावर, अन् मुठीत मॉर्फिनची बाटली!

"सर, चष्मा राहिला!"

"चष्मा नवा मिळंल. ही हरवली तर मी जेलात जाईन!"

*

सुनंदाच्या भावाचा लातूरला कोचिंग क्लास धूमधडाक्यात चालायचा. त्यानं बजावलं होतं, "या खेपेला प्रबंध परत आला तर रिसर्च बंद. गुपचूप बायोलॉजी शिकवायला यायचं." बिचारीनं मान्य केलं होतं. आम्हाला तर धडकीच भरली होती.

व्हायवाला पुण्याचे परीक्षक आले, अन् भाऊही दारात येऊन थांबला. सुनंदाचा निष्कर्ष साधा होता. मॉर्फिननं पेशी दाट वाढतात. सोबत त्याचा असर अडवणारं औषध घातलं की वाढ साध्या पेशींइतकीच राहते.

परीक्षक म्हणाले, "तुमच्याकडे वीज टिकत नाही, निष्कर्ष काय टिकणार?"

आमचं डोकंच सणकलं! सुनंदा शांतपणे उठली. साध्या पेशींची, मॉर्फिनची आणि दोन्ही औषधांची, अशा तीन स्लाइड त्यांच्यापुढं ठेवल्या. "सर, नावं झाका, अदलाबदल करा. मी ओळखते."

त्यांनी केली. तिनं मायक्रोस्कोपमध्ये पाहिलं. "ही मॉर्फिनची."

कागद काढला. बरोबर!

"आणि या दोन?"

ती कितीतरी वेळ बघत राहिली. ही उचल, ती ठेव. मग म्हणाली, "सांगता येत न्हाई, सर."

कदम सरांनी डोळेच मिटले. दारातला भाऊ हळूच क्लासचं टाइमटेबल काढत होता.

परीक्षक उठले, टेबलाला वळसा घालून आले आणि हात पुढं केला. "अभिनंदन, डॉक्टर! सांगता आलं असतं, तर प्रबंध परत पाठवला असता!"