आठ नंबरची सुई

महाडात स्वेटर लागेल असे दिवस वर्षाला तीन असतात, आणि त्यांतले दोन आम्ही पंखा लावूनच काढतो. तरीही नव्वदीच्या दशकातल्या एका हिवाळ्यात आमच्या घरात सव्वा किलो काळी लोकर येऊन पडली.

मुलगी सुषमा लग्न होऊन महाबळेश्वरला गेली होती. पहिल्या संक्रांतीला जावयाला काळं काहीतरी द्यायचं असतं. तिच्या सासूबाई विणकामात पटाईत. त्यांनी नमुन्यांचं एक जुनं इंग्रजी पुस्तक पाठवलं, सोबत निरोप : "विहीणबाईंना जमलं तर बघा. कोकणात लोकर कुठे लागते म्हणा!"

"आता स्वेटर मीच विणणार," बायको म्हणाली. निरोप तिला चांगलाच झोंबला होता.

मी शाळेत गणिताचा मास्तर. त्यामुळे घरातली आकडेमोड माझ्याकडे असते (मला कोणी सांगितलेलं नाही, पण असते). पुस्तकात लिहिलं होतं : अंगासाठी आठ नंबरच्या सुया, खालच्या पट्टीसाठी दहा नंबरच्या. बायकोच्या माहेरच्या सुयांवरचे आकडे केव्हाच झिजले होते.

"माझ्या चालतील की! चार बोटं विणून बघते, इंचात किती टाके बसतात ते मोजू."

"छापील आकडा असताना अंदाज कशाला?"

जवळच्या तुडील गावचे इब्राहिमभाई दुबईहून सुट्टीवर यायचे होते. त्यांच्याकडून मी सुया मागवल्या. आठ मिलिमीटर आणि दहा मिलिमीटर.

"मास्तर," पुडकं देताना ते म्हणाले, "ह्या सुया हायत का ढोलाच्या काठ्या?"

"नंबराप्रमाणे आहेत," मी म्हणालो.

पुस्तकातली लोकर आपल्याकडे कुठली मिळायला? चार पदरी मिळाली. दहा ओळी विणून झाल्या आणि बायकोने तुकडा उजेडात धरला.

"अहो, ह्यातून सावित्री नदीतले मासे धरता येतील!"

"मग दोन धागे एकत्र घे. चार दुणे आठ. आठ नंबरची सुई, आठ पदर. जुळलं!"

रोज शाळेतून आलो की मी टाके मोजायचो. एकशे चार! एक कमी नाही, एक जास्त नाही. सगळं विणकाम सुईवर चुणून बसलेलं, त्यामुळे रुंदी कळत नव्हती.

"मला फार मोठा वाटतोय हो," ती दर दोन दिवसांनी म्हणायची.

"एकशे चार आहेत," मी म्हणायचो.

संक्रांतीच्या आदल्या दिवशी तिने बाजू शिवल्या आणि स्वेटर पलंगावर पसरला. पलंग दिसेना!

"हा एका माणसाचा आहे?"

"अंगावर गेला की बसतो," मी ठामपणे सांगितलं.

दुसऱ्या दिवशी पोलादपूरहून घाटाची एसटी धरली. संध्याकाळी हळदीकुंकवाला आलेल्या वीस बायकांसमोर, हलव्याचे दागिने घातलेल्या जावयाने स्वेटर चढवला. लांबी अचूक! (लांबी पुस्तकात इंचात होती.) पण रुंदीत आणखी एक जावई मावला असता, आणि दहाच्या सुयांची ती पट्टी परकराच्या घेरासारखी कमरेभोवती फिरत होती.

"बाबा," जावई म्हणाला, "आत अजून कोणी यायचंय का?"

वीस बायका हसल्या. माझ्या बायकोची मान खाली गेली. विहीणबाई पुढे झाल्या, त्यांनी स्वेटरची कड उलटून पाहिली.

"सुया कितीच्या?"

"आठच्या. ह्यांनी मागवल्या."

"मिलिमीटरच्या?"

"अर्थात!" मी म्हणालो.

"अहो व्याहीबुवा, ह्या जुन्या पुस्तकांत नंबर मोठा तितकी सुई बारीक! आठ नंबर म्हणजे चार मिलिमीटर."

मी मनात भागाकार केला. उत्तर दोन आलं. स्वेटरही तेवढाच मोठा होता, म्हणजे गणित बरोबर होतं!

मग विहीणबाई सगळ्यांकडे वळल्या. "पण टाका बघा! दोन-दोन धागे धरून एकही सैल नाही. विहीणबाई, हात सोन्याचा आहे हो तुमचा. हे उसवून द्या, आपण दोघी मिळून परत विणू."

बायकोची मान वर आली. माझी अजून यायची आहे.

तेव्हापासून महाबळेश्वरहून पोस्टाने नवे नमुने येतात. पाकिटावर बायकोचं नाव असतं आणि खाली लाल शाईत सूचना : 'व्याहीबुवांच्या हाती देऊ नये.' पोस्टमन ती मला मोठ्याने वाचून दाखवतो, आणि बायको बाहेर येईपर्यंत पाकीट काखेत धरून ओट्यावर बसून राहतो.