रेडीच्या लाल रस्त्यावरून शर्यतीच्या मैदानात

मोटारसायकलच्या शर्यती बघायचं मी आता सोडून दिलंय. नातू टीव्हीवर लावतो तेव्हा डोळा लागतो माझा. पण परवा त्याने विचारलं, "आजोबा, संघाने सांगितलं म्हणून रायडर मागे कसा राहतो? असं कधी असतं का?" त्याला उत्तर देता देता साठच्या दशकातला एक प्रवास आठवला. तोच इथे लिहितो. सिंधुदुर्गात जायचा बेत करणाऱ्यांना वाटेची थोडी माहितीही होईल, अर्थात तेव्हाच्या वाटेची. सिंधुदुर्ग जिल्हा तेव्हा जन्मालाही आला नव्हता. सगळा मुलूख रत्नागिरीतच मोडायचा.

मी गिरगावात राहायचो आणि विम्याच्या कचेरीत कारकुनी करायचो. थंडीत एका जुन्या धावपट्टीवर गवताच्या गंज्या आणि रिकामी पिंपं मांडून शर्यती व्हायच्या, त्या मी दोराला टेकून बघायचो. आमच्या गल्लीतल्या गॅरेजमधला मेकॅनिक बाबल माझा माणूस. देवबागचा. त्याच्या गाडीचा मूळ धुराचा पाइप गंजून गळून पडला होता. परदेशी सुटे भाग मिळत नसत, म्हणून त्याने पत्रा वळवून स्वतः पाइप केला आणि त्या गाडीवर पहिला आला. संध्याकाळी तक्रार झाली: गाडी कारखान्यातून आली तशीच हवी, असा नियम. बाबल बाद, कप गेला. ज्या शेठच्या मुलाला पहिला ठरवलं, त्याच्या गाडीवर महागडे जादा भाग होते; पण ते कारखान्याच्याच कॅटलॉगातले, म्हणून चालले. माझं मत तेव्हाच झालं: नियम सगळ्यांना सारखा असतो, तो पाळायची ऐपत सारखी नसते.

बाबल महिन्याभरात गॅरेज सोडून गावी गेला.

वर्षभराने गॅरेजचे मालक अण्णा मला म्हणाले, "तुमची रजा शिल्लक आहे ना? बाबलकडे जाऊन या. त्याच शेठना तो हवाय. नवीकोरी गाडी देतायत, पगारही चांगला. फक्त पोरगा पुढे राहिला पाहिजे. बाकीच्यांना बाबलने अडवायचं, आणि शेवटी त्याच्यामागे दुसरं यायचं."

"आणि हे नियमात बसतं?"

"एका मालकाच्या दोन गाड्या. कोणी कोणाच्या पुढे जावं, असं पुस्तकात कुठे लिहिलंय?"

मला संताप आला. पण बाबलला पुन्हा वळण घेताना बघायचं होतं, हेही खरं. गेलो.

भाऊच्या धक्क्यावरून सकाळी आगबोट सुटायची. डेकचं तिकीट स्वस्त, पण पाठ मोडायची. सतरंजी आधी टाकेल त्याची जागा. बायकोने दिलेल्या दशम्या आणि लसणीची चटणी रत्नागिरी यायच्या आत संपली. मग शेजारच्या चाकरमान्यांच्या गप्पा, कोंबड्यांच्या करंड्या आणि डिझेलचा वास. पहाटे मालवणला बोट बंदराबाहेर उभी राहिली. खडकांमुळे ती आत येत नसे. हेलकावणाऱ्या होडीत उतारूंना हाताला धरून उतरवत. एक खलाशी मला ओरडला, "पाय आधी, मगे बॅग!" मी नेमकं उलट केलं आणि गुडघ्यापर्यंत भिजलो.

बंदरावरच्या खाणावळीत घावणे आणि चहा घेतला आणि तारकर्लीच्या वाळूतून चालत देवबाग गाठलं. आता तिथे गाडी जाते, राहायची सोय आहे, पाण्यातले खेळ आहेत. तेव्हा एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला खाडी आणि मधल्या पट्टीवर माडांखाली सुकत घातलेली जाळी एवढंच होतं. वाळूतून चालून पोटऱ्या भरून आल्या. बाबलची आई अंगणात सुके मासे उलटत होती.

"तो हंय नाय रे झिला," ती म्हणाली. "रेडयेक गेलो, बायलेक घेवन. थंय खाणीतलो ट्रक हाकता. तू मुंबयसून इलंस?"

मी हो म्हटलं. तिने हात पदराला पुसले. "तेचो कप तेका गावतलो काय रे आता?"

कप मिळणार नाही, दुसरंच काम आहे, असं मी सांगितलं. "बरा," म्हणाली आणि मला पेज वाढायला आत गेली.

देवबागहून रेडी नकाशावर जवळ दिसतं. तेव्हा मधल्या खाड्यांवर पूल नव्हते. मालवणला परत, तिथून एस्टीने कुडाळ, कुडाळहून वेंगुर्ला, रात्री तिथे मुक्काम, सकाळी शिरोड्याची गाडी आणि पुढे मिळेल त्या ट्रकने. एस्टीतल्या खिडक्यांना काचा नव्हत्या. शिरोड्याच्या पुढे लोखंडाच्या खाणींच्या धुळीने रस्ता, झाडं, कौलं सगळं लाल. माझा पांढरा सदराही. यशवंतगड बघायला जरूर जा, तटाच्या भिंतींना वडाच्या मुळ्यांनी मिठी मारली आहे. मी मात्र बाहेरूनच बघितला. चढायचं त्राण नव्हतं.

खाणीच्या तोंडाशी ट्रकांची रांग होती. बाबलने मला ओळखलं आणि केबिनमधून खालीच उडी मारली.

"भाऊनू! तुमी? हंय?"

"तुझ्याकडेच आलोय."

"मगे बसा. खेप चुकली तर दिवस गेलो."

खाणीतला माल बंदरावर न्यायचा; पगार खेपेवर होता. खाणीवर 'वाहने सावकाश हाका' अशी ठळक पाटी, आणि जो जास्त खेपा करेल त्याला जास्त पैसे. बाबल भरलेला ट्रक त्या उतारावरून असा आणायचा की माझे दोन्ही हात दारावरच होते. पण वळणावर त्याचा पाय ब्रेकवर हलकेच टेकायचा, पूर्वीसारखाच. मला बरं वाटलं. जाता जाता मी अण्णांचा निरोप सांगितला, अटीसकट. तो ऐकत राहिला.

बंदराच्या अलीकडे मागून हॉर्न वाजला. पुढे रस्ता मोकळा होता. तरी बाबलने ट्रक डाव्या अंगाला घेतला, चाकं चरात गेली, आम्ही दोघं कलंडलो. मागचा ट्रक धूळ उडवत पुढे गेला.

"जागा का दिलीस?" मी खोकत विचारलं.

"ठेकेदाराची सोताची गाडी ती. धक्क्यार ती आधी खाली होतली."

"असा नियम आहे?"

"नियम खंयचो?" तो हसला. "तसा चलता."

दुपारी त्याच्या खोपीवर जेवलो. उकड्या तांदळाचा भात, बांगड्याचं तिखलं, सोलकढी. त्याची बायको सुमती दाराशी बसून सगळं ऐकत होती. पगाराचं ऐकून तिने नवऱ्याकडे बघितलंही नाही. मला विचारलं, "आणि हे पडले तर?"

त्याबद्दल कोणी काही बोललंच नव्हतं. विम्याच्या कचेरीतला माणूस मी, तरी मलाही सुचलं नव्हतं.

बाबलने ताट बाजूला सारलं. "शेठाचो झील पुढे, मी मागे. इतक्याच ना? हंयव मागेच रवतंय मी. थंय निदान रस्तो डांबरी आसा." मग सुमतीकडे बघून म्हणाला, "पण पडलंय तर औषधपाणी शेठान करुचा. आणि हिका घरखर्च. ह्या आधी कबूल करुक सांगा, भाऊनू. नायतर मी येवचंय नाय."

"आणि तुला चालेल? मागे राहणं?"

त्याने सोलकढीची वाटी तोंडाला लावून संपवली. "पयलो इल्लंय तेव्हा काय गावला?"

येताना वाटभर मी मनात भाषण तयार केलं होतं: खेळ, इमान, प्रेक्षकांची फसवणूक. एकही वाक्य तोंडातून निघालं नाही. त्याच्या लाल झालेल्या पापण्यांसमोर ते सगळं दोराच्या पलीकडून ओरडल्यासारखं वाटलं.

परतीची बोट वेंगुर्ल्याहून पकडली. वाटभर झोपलो. अण्णांनी शेठकडून अट कबूल करून घेतली. तेवढं एक काम माझ्या हातून बरं झालं.

फेब्रुवारीत शर्यत झाली. बाबलची गाडी चकचकीत, सगळे भाग कॅटलॉगातले. त्याने सुरुवातीलाच सगळ्यांना मागे टाकलं आणि शेठचा मुलगा जवळ येईपर्यंत बाकीच्यांना वळणावळणावर रोखून धरलं. लोक ओरडत होते. शेवटच्या फेरीत माझ्यासमोरच्या वळणावर तो किंचित बाहेर गेला, चुकून जातात तसा. फटीतून मुलगा निघून गेला. माझ्या शेजारचा माणूस हळहळला, "अरेरे, घाई नडली बिचाऱ्याला!" कोणाचीही तक्रार आली नाही. एकही नियम मोडला गेला नव्हता.

पिंपांच्या मागे बाबल हातमोजे काढत होता.

"तुमका कळला?" त्याने विचारलं.

"कळलं."

"आणखी कोणाक?"

"नाही वाटत."

"मगे बरो चलवलंय," तो म्हणाला, आणि ओल्या फडक्याने तोंड पुसत राहिला. तोंड स्वच्छ झालं होतं तरी.

पुढे दोन हंगाम तो तसाच दुसरा येत राहिला. पडला नाही, आणि त्याचं घर उभं राहिलं. मी त्याला दोष देऊ शकलो नाही, आणि टाळीही वाजवू शकलो नाही. त्या खेळाबद्दल माझं एवढंच मत शिल्लक आहे: मोजपट्टी घेऊन गाड्या तपासणारे पुष्कळ असतात, शर्यत खरी झाली का, हे तपासायला कोणी नेमलेला नसतो.

फेब्रुवारीतल्या त्या शर्यतीच्या संध्याकाळी चालतच घरी आलो. बायकोने दार उघडलं, पाण्याचा तांब्या पुढे केला आणि उत्सुकतेने विचारलं, "काय झालं बाबलभाऊंचं?"

"दुसरा आला," मी म्हटलं.

"दुसरा!" तिचा चेहरा उजळला. "एवढ्या मोठ्या लोकांत दुसरा! थांबा, शिरा करते."