ओढ्यापलीकडचे कागद

आधीच सांगून टाकते. या सदरात छापून येणारे अनुभव वाचून मला भीती वाटत नाही, राग येतो. कुणाला म्हणे बेसमेंटमध्ये पावलं ऐकू आली, कुणाची गाडी म्हणे स्मशानासमोर आपोआप बंद पडली... अहो, बॅटरी गेली असेल! शिकलीसवरलेली माणसं तुम्ही, डॉक्टर, इंजिनिअर. इतक्या लांब आलात आणि सामानात लोणच्याच्या बरण्यांबरोबर भुतंही बांधून आणलीत? असं एक खरमरीत पत्र मी संपादकांना पाठवलं होतं. त्यांनी ते छापलं नाही. आता माझाच अनुभव पाठवतेय. हा तरी छापा.

नाशिकला कॉलेजात असल्यापासून मी बुवाबाजीविरोधी गटात आहे. चौकात उभं राहून पत्रकं वाटली, शिव्या खाल्ल्या. एका महाराजांच्या भक्ताने मला चप्पल फेकून मारली होती. एकच चप्पल काय कामाची, म्हणून मी ती परत नेऊन दिली. हे एवढ्यासाठी सांगते की मी कच्च्या मनाची नाही. १९८५ मध्ये मास्टर्स करायला इकडे अमेरिकेत कोलंबसला आले आणि जवळच डब्लिनला शरदकाकांकडे राहू लागले. शरदकाका म्हणजे बाबांचे धाकटे भाऊ, हॉस्पिटलमध्ये भूल देणारे डॉक्टर. शांत माणूस. काकूंच्या मते जरा जास्तच शांत... "घरात पण भूल देऊनच ठेवतात सगळ्यांना!"

तर हे शरदकाका शिकार करतात, हे मला आल्यावर तिसऱ्या आठवड्यात कळलं. गराजमधल्या फ्रीझरमध्ये हरणाचं मांस होतं. काकू स्वतः शाकाहारी. त्यांचा नियम एकच, "स्वयंपाकघर माझं, गराज तुमचं." काका गराजमध्ये हॉटप्लेटवर रस्सा करायचे, कोट घालून.

मी अर्थातच पेटले. जेवायच्या टेबलावर भाषणच ठोकलं. मुका जीव, हौसेसाठी हत्या, वगैरे. काका ऐकत होते. माझं संपल्यावर म्हणाले, "पुढारीणबाई, तुमच्या ताटात काय आहे?"

"चिकन."

"ते कोणी मारलं?"

"...मला काय माहीत?"

"हां. म्हणजे दुसऱ्याने मारलं, आपण पाहिलं नाही, की झालं. हा कुठला विवेकवाद गं?"

काकू फस्सकन हसल्या. आणि हरलेला वाद घेऊन मला झोप लागत नाही. सकाळी काकांना म्हटलं, "एकतर मी मांस सोडते, नाहीतर तुम्ही मला शिकवा. मधलं काही मला चालणार नाही."

"काकूला विचार," काका म्हणाले.

"मला कशाला विचारता? जा, दोघं मिळून गारठून मरा!" काकू म्हणाल्या. आणि दुपारी माझ्यासाठी लोकरीचे दोन जोड मोजे आणून ठेवले.

शिकारीच्या लायसन्ससाठी कोर्स करावा लागतो. वर्गात मी सोडून सगळी बारा-तेरा वर्षांची मुलं. परीक्षेत दुसरी आले. पहिल्या आलेल्या मुलाचे अजून दुधाचे दात पडायचे होते!

काका फक्त शिकारीच्या शेवटच्या सीझनला जात, जानेवारीत. बाकीची गर्दी संपलेली असते आणि तेव्हा फक्त ठासणीची बंदूक चालते. नळीच्या तोंडातून मोजून दारू ओतायची, चिंधीत गुंडाळलेली गोळी वर ठेवायची, गजाने ठासायची, मागे ठिणगी पाडणारी छोटी तांब्याची टोपी बसवायची. एकच बार. पुन्हा भरायला मिनिट जातं. "म्हणूनच ही बरी," काका म्हणायचे. "दुसरी गोळी आहे हे माहीत असलं की माणूस पहिली निष्काळजीपणे मारतो." डिसेंबरभर दर रविवारी मी पुठ्ठ्यावर नेम धरला. काका मागे उभे राहून हळू आवाजात सांगत, "श्वास सोड... सगळा नाही... अर्धा ठेव." हॉस्पिटलमध्येही ते पेशंटशी असंच बोलत असणार.

आणि एक अट. ती त्यांनी मला तीनदा म्हणायला लावली, पाढ्यासारखी. जखमी केलं तर सोडायचं नाही. अंधार पडो, बर्फ पडो, ते जनावर शोधून त्याचं दुखणं संपवल्याशिवाय घरी यायचं नाही. "वीस वर्षांत मी एकही मागे ठेवलेलं नाही. तू ती वेळ आणू नकोस."

१९८६ च्या जानेवारीतला शनिवार. डब्लिनपासून दीड-दोन तास आग्नेयेला टेकड्या आहेत, तिथे रॉय नावाच्या म्हाताऱ्या शेतकऱ्याचं रान आहे. काकांचा जुना पेशंट. काकांनी कधीकाळी त्याला भूल दिली आणि नीट उठवलं, या एका भांडवलावर त्याची लेखी परवानगी दरवर्षी मिळते. जमिनीवर जुना, हरणांनी तुडवलेला बर्फ होता. पारा दहा फॅरनहाइट, म्हणजे शून्याखाली बारा सेल्सियस. एका पडलेल्या ओकच्या झाडाच्या आडोशाला आम्ही दुपारपर्यंत बसलो.

आता इथे माझा गाढवपणा कबूल करते. नाशिकहून एअरमेलने आमच्या नव्या पत्रकाचं प्रूफ आलं होतं. आठ सुटे कागद, दोन्ही बाजूंनी छापलेले, म्हणजे सोळा पानं, कोपऱ्यात टाचणी. लाल पेनाने दुरुस्त्या करून सोमवारी परत टाकायचं होतं, म्हणून मी ते कोटाच्या आतल्या खिशात घालून आणलं आणि तिथे बसून तपासायला लागले. काकांनी कानाशी येऊन म्हटलं, "हरणांना वाटायचंय का पत्रक?" मी ते खिशात कोंबलं.

तीनच्या सुमाराला ती आली. हरणाची मादी, एकटी, चाळीस एक पावलांवर. काकांनी मान हलवली. मी श्वास अर्धा सोडला... आणि बार उडाला त्याच क्षणी तिने पाऊल टाकलं. धूर निवळला तेव्हा ती पाठीची कमान करून झाडीत शिरत होती.

काका उठून त्या जागी गेले, वाकून केस आणि रक्त पाहिलं. परत आले तेव्हा चेहरा उतरला होता. "गोळी मागे लागली. पोटात. जीव लगेच जाणार नाही तिचा."

मी रडायला लागले. ते म्हणाले, "रड, पण आवाज करू नकोस. अर्धा तास बसायचं. लगेच मागे लागलो तर ती मैलभर पळेल. बसू दिलं तर जवळच आडवी होईल."

तेवढ्यात बर्फ पडायला लागला. पंधरा मिनिटांतच काका म्हणाले, "चल. रक्त झाकून जाईल. पाचनंतर उजेड नाही."

माग काढताना काका एक करतात. रक्ताचा थेंब दिसला की शेजारच्या काटकीवर टॉयलेट पेपरचा तुकडा अडकवायचा. पुढचा थेंब सापडेना की मागे वळून बघायचं. कागदांची रांग दिसते आणि जनावर कुठल्या रोखाने गेलं ते कळतं. पिशवीतून रोल काढला तर थर्मास गळून त्याचा चहात लगदा झालेला. काकांनी माझ्याकडे पाहिलं. मी खिशातून प्रूफ काढलं आणि पहिला कागद फाडला.

एका कागदाचे सहा-सात तुकडे. रानगुलाबाच्या काट्यांत ते छान अडकत. तासभर आम्ही असे सरकत होतो. तिसरा कागद, चौथा कागद... थेंब विरळ होत गेले. मग ओढा लागला. अर्धा गोठलेला, काठ हरणांच्या खुरांनी सगळीकडून तुडवलेला, त्यावर नवा बर्फ. तिथे सगळं संपलं. काठाने वर गेलो, खाली गेलो. काही नाही. साडेचार वाजून गेले होते.

काका एका दगडावर बसले. मी त्यांना कधी तसं बसलेलं पाहिलं नव्हतं. "काका, माझं चुकलं," मी म्हटलं. ते म्हणाले, "तुझं नाही गं. तुला अजून एक महिना थांबवायला हवं होतं." आणि हातमोजा काढून डोळे पुसले. थंडीने पाणी आलं असेल.

मी मान वर केली तेव्हा ओढ्यापलीकडे, बरोबर समोर, काटकीवर कागद दिसला.

त्याच्या पुढे दुसरा. मग तिसरा, चढावर, एका रोखात.

"काका, तुम्ही पलीकडे गेला होतात?"

"कधी?"

बरोबरच होतं. ते माझ्या नजरेआड झालेच नव्हते. आम्ही दगडांवरून ओढा ओलांडला. पहिली गोष्ट मी केली ती म्हणजे खाली वाकून पावलं शोधली. बुटाचा एक ठसा नव्हता. नवा बर्फ, सपाट. काटकीवर बोटभर बर्फ साचला होता आणि कागदावर कणही नाही... कोरडा. मी तो काढून पाहिला.

आमचं पत्रक होतं. लिंबातून रक्त काढणारे बुवा सुरीला आधीच केमिकल लावून ठेवतात, तो परिच्छेद. आणि समासात माझ्या अक्षरात, माझ्या लाल पेनाने लिहिलेलं, 'भाषा मवाळ झाली आहे, कडक करा!'

ते पान अकरा. मी पहिले चार कागद, म्हणजे पान आठपर्यंतच फाडलं होतं.

"खिशात बघ," काका म्हणाले.

बघितलं. चार कागद उरले होते. पान अकरा होतं, अख्खं, कुठेही न फाटलेलं. समासात तीच लाल ओळ. माझ्या एका हातात अख्खं पान, दुसऱ्या हातात त्याच पानाचा तुकडा. डोक्यात एकदम खूप प्रश्न आले. काकांनी माझं कोपर धरलं. "नंतर. ती आधी."

सात तुकडे होते. शेवटचा एका काट्यावर, आणि त्यापलीकडे सीडरच्या झाडाखाली ती बसलेली. मान ताठ. आमच्याकडे बघत होती, पण उठू शकत नव्हती.

काका म्हणाले, "तुझी आहे." बंदूक भरताना माझ्याकडून दारू सांडली. काकांनी नळीच्या तोंडाशी दोन्ही तळव्यांचा आडोसा केला, बर्फ आत जाऊ नये म्हणून, आणि पुटपुटले, "श्वास सोड... अर्धा ठेव." यावेळी मी चुकले नाही.

मग काकांनी टोपी काढली, तिच्या मानेवर हात ठेवला आणि मराठीत म्हणाले, "चुकलं बाई आमचं. उशीर झाला."

परतीच्या वाटेवर गाडीत मी उलटतपासणी सुरू केली. पहिला संशय काकांवर, तोही तोंडावर. माझं प्रूफ रात्री घेऊन झेरॉक्स केलं का? ते हसले. "अगं, तू ते दुपारी रानात बसून तपासलंस ना? ती लाल शाई रात्री कुठे होती?" खरं होतं. ती ओळ मी त्या ओकच्या आडोशालाच लिहिली होती. बरं, वाऱ्याने नेलं म्हणावं तर न फाडलेलं पान वारा कसं नेईल? गोल फिरून आम्हीच आधी तिथे गेलो होतो म्हणावं, तर मधे ओढा आणि ठसा एक नाही.

"मग तुमचं म्हणणं काय?" मी ओरडलेच.

"माझं काही म्हणणं नाही. मी रोज माणसांना झोपवतो. त्या औषधाने माणूस नेमका का झोपतो, हे आम्हाला अजून पूर्ण ठाऊक नाही. तो परत उठला पाहिजे, एवढं बघतो."

"ही पळवाट आहे!"

"असेल," काका म्हणाले, आणि हीटर माझ्याकडे वळवला.

घरी काकूंनी सगळं ऐकून घेतलं, देवापाशी दिवा लावला आणि माझ्याकडे बघून म्हणाल्या, "तुझ्यासाठी नाही लावलेला. त्या हरणासाठी लावलाय. भांडू नकोस." मी भांडले नाही.

नाशिकच्या मंडळींना सविस्तर लिहिलं. उत्तर आलं की अतिथंडीत आणि मानसिक ताणाखाली भास होतात, विषय वाढवू नये. म्हणजे बघा! मी दुसऱ्यांना जे तोंडावर मारत आले तेच मला मारलं, न तपासता. थंडीने कागदावर छपाई होते का? दोन तुकडे मी खिशात घालून आणले होते. ते आणि अख्खं पान, दोन्ही माझ्या ड्रॉवरमध्ये आहेत. ज्याला भिंग घेऊन यायचंय त्याने खुशाल डब्लिनला यावं. काकू चहा देतील.

पत्रकातली एक ओळही मी मागे घेतलेली नाही. लिंबातलं रक्त केमिकलचंच असतं, आणि ते पुन्हा चौकात उभं राहून सांगायची माझी तयारी आहे. पण त्या दिवशी एक जनावर माझ्या चुकीमुळे रात्रभर बर्फात तडफडत पडलं असतं, आणि ते पडलं नाही. का पडलं नाही, ते मला माहीत नाही. वर्ष होत आलं, रोज डोकं चालवते, अजूनही माहीत नाही. कुणी विचारलं तर मी चिडून सांगेन, पण सांगेन हेच.